गेंड्याचे चार आणे

"दादा, हा गेंडा लाखाला जातोय म्हणं, खरंय का ओ?"

सिद्धेश्वर मंदिराबाहेर फुलवाल्या मावशींनी पदराची गाठ सोडून गेंड्याचं चित्र असलेलं पंचवीस पैशांचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. नातवानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता.

सालाखाली चांदणी होती. म्हणजे हैदराबादची टांकसाळ. मुंबईला पत्त्यांतल्यासारखी चौकट, नोएडाला टिंब, कोलकात्याला काहीच नाही. पण ही नाणी १९८८ पासून ढिगानं निघाली, २०११ ला चलनातूनही गेली. त्यात हे पार झिजलेलं. नाणं कोरं असेल आणि त्या सालाची ती टांकसाळ दुर्मिळ असेल, तरच संग्राहक थोडे जास्त देतात.

तसं सांगितलं. मावशींनी नाणं परत गाठीला बांधलं.

"ऱ्हाऊ दे. मालकांनी दिलेलं हाय."

मग विकायला का काढलं होतं? विचारायचं धाडसच झालं नाही.