डाव्या शिरेत धूर दिसला

दोन मीटर लांबीच्या पलंगाचं पायथं २१ सेंटीमीटर उचललं की सहा अंशांचा उतार मिळतो. डोकं खाली, पाय वर. अंतराळात अंगातला द्रव डोक्याकडे सरकतो, त्याचा अभ्यास जमिनीवर करायची ही जगभर रुळलेली पद्धत. आम्ही लाकडी ठोकळे लावतो, कारण वॉर्डातल्या पलंगाचा कोन दाखवणारा काटा तीन अंशांनी चुकतो. उशी द्यायची नाही, तिने मान वाकते. नागपूरच्या मे महिन्यात उन्हातून आलेल्या मुलाला आधी अर्धा लिटर पाणी पाजून थांबवायचं, नाहीतर सपाट पलंगावरचं पहिलं मापच खोटं येतं.

त्या दिवशी बावीस वर्षांचा स्वयंसेवक उतारावर चार तास झोपून होता. रेसिडेंट डॉक्टरने मानेतल्या डाव्या इंटर्नल ज्युग्युलर शिरेवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला आणि मला हाक मारली. शीर फुगलेली, वाहतं रक्त दाखवणारा रंग आत नाही. "थ्रॉम्बस वाटतोय." म्हणजे गुठळी.

मशीन कॅरोटिडच्या, म्हणजे मानेतल्या धमनीच्या, ठरलेल्या सेटिंगवर होतं. तिथे पीआरएफ (सेकंदाला किती ध्वनिलहरी सोडायच्या तो आकडा) आणि वॉल फिल्टर (मंद हालचाल गाळणारा) दोन्ही वर असतात, त्यामुळे मंद रक्त गाळलं जातं आणि वाहती शीरही बंद दिसते. ही चूक मी दर बॅचला बघते. शिकवताना आपण धमनीवरच अडकतो. पीआरएफ खाली आणला, फिल्टर किमान केला, गेन (संकेताची तीव्रता) ठिपके उठेपर्यंत वाढवून जरासा उतरवला. जेलचा जाड थर दिला, कारण प्रोबच्या नुसत्या वजनानेही ही शीर चेपते. तरी रंग नाही. राखाडी धूर तेवढा गोल फिरत होता, म्हणजे रक्त साचलेलं.

रंग बंद करून प्रोब आडवा धरला आणि दाबला. शीर पूर्ण मिटली, शेजारची कॅरोटिड गोलच राहिली. जबड्यापासून कॉलरबोनपर्यंत सेंटीमीटर-सेंटीमीटरवर हेच केलं. ताजी गुठळी काळी, रक्तासारखीच दिसू शकते. तिथे दाबून बघण्यावरच भरवसा.

२०१९ साली छापलेल्या अभ्यासात अंतराळ स्थानकावरच्या ११ जणांपैकी सहा जणांच्या याच शिरेत प्रवाह थांबलेला किंवा उलटा होता. एकाला गुठळी होती, आणि त्रास काहीच नव्हता. ती संशोधनाच्या सोनोग्राफीतच सापडली. स्थानकावर रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा साठा मोजका, सिरिंजही मोजक्या, आणि वजनरहित अवस्थेत बाटलीतून औषध ओढणंच अवघड. गोळ्या पुढच्या मालवाहू यानाने गेल्या.

आमच्या सरांना सहा तासांचं माप हवं होतं. मी पलंग सपाट करायला लावला. थोड्या वेळाने शिरेत रंग भरला. डेटा गेला म्हणून सर नाराज झाले, आणि ते मला अजिबात पटलं नाही.

मुलगा म्हणाला, "काऊन मॅडम, काही निघालं का?"

संमतीपत्रात डोकेदुखी, नाक चोंदणं, पाठदुखी सगळं होतं. काही सापडलं तर कोण, कधी, कोणत्या शब्दांत सांगणार, याची एक ओळ नव्हती. मी त्याला सांगितलं की रक्त साचलं होतं, गुठळी दिसली नाही. आठवड्याने परत बोलावलं, शीर नीट वाहत होती. संमतीपत्राचा नवा परिच्छेद एथिक्स कमिटीकडे गेला आहे.

कॉलरबोनच्या मागे शीर दाबून बघता येत नाही. तेवढा तुकडा तपासायचा राहिला, हे त्या दिवशी मी त्याला सांगितलं नव्हतं.