माफी कुणी कुणाच्या वतीनं द्यायची?

पंधरा दिवस झाले, डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय. माझ्या आत्तीच्या नावानं कुणीतरी फेसबुकवर फेक अकाउंट काढलं. फोटो मागच्या नाताळचा, करंज्यांचं ताट घेऊन ती दारात उभी आहे. शेजारी मी होतो, मला कापून टाकलंय, पण ताटाच्या कडेला माझ्या चेक्सच्या शर्टाची बाही तेवढी राहिलीय. त्यावरून तिच्या ओळखीच्यांना मेसेज गेले, 'हाय डिअर, अर्जंट आहे, सहा हजार गुगल पे कर, उद्या परत देते.' आत्ती आयुष्यात कुणाला डिअर म्हणालेली नाही, त्यामुळं बऱ्याच जणांनी लगेच ओळखलं आणि मला फोन केले.

पण आमच्या चर्चमधल्या एक मावशी आहेत, राजारामपुरीत डबे करून घर चालवतात, त्यांनी पैसे पाठवले. पैसे जाताना स्क्रीनवर दुसऱ्याच कुणाचं नाव दिसलं होतं म्हणे, तरी 'ताई अडचणीत असतील, विचारत कशाला बसायचं' म्हणून पाठवले, आणि पुढं चार दिवस कुणाला बोलल्या नाहीत, कारण ताईंकडचं येणं चारचौघांत काढायचं कसं! हे चार दिवस मला फार लागलेत. लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन गेला असता तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची निदान आशा होती. 1852 ला वाइल्डर मिशनरी कोल्हापुरात आले तेव्हापासूनची आमची ही मंडळी, एकमेकांच्या आजी-पणजीची नावं सुद्धा पाठ असतात, इथं नाव सांगितलं की पुढं काही विचारत नाहीत. चोरानं नेमकं तेच उचललं.

आत्तीला तक्रार करायची नव्हती. 'मी माफ केलं त्याला, देव बघून घेईल, या वयात पोलिसांत नको बाबा.' मी पण दोन दिवस गप्प बसलो, कारण माफीच्या विरोधात बोलायचं म्हणजे आपणच चुकतोय असं वाटतं.

मग माझ्या वकील मित्राकडं गेलो. तो देव मानत नाही, घरच पुरोगामी चळवळीतलं. त्यानं आधी कायदा सांगितला, आयटी ॲक्टचं 66सी म्हणजे दुसऱ्याचा पासवर्ड, डिजिटल सही अशी ओळख लबाडीनं वापरणं, आणि 66डी म्हणजे कॉम्प्युटर-मोबाईलवरून दुसरा कुणीतरी असल्याचं भासवून फसवणं, दोन्हीला 3 वर्षांपर्यंत शिक्षा आणि 1 लाखापर्यंत दंड. पण खरं बोलला ते नंतर. म्हणाला, "भावा, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरायचं नाही हे तो जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगून गेलाय, त्यासाठी देव लागत नाही. इथं तर दोन माणसं वापरली, तुझी आत्ती गळाला लावली आणि त्या मावशीला ओढलं. मग आत्ती एकटी माफ कशी करणार? पैसे कुणाचे गेले?"

मला काही उत्तर देता आलं नाही. घरी येऊन बायबलमधल्या उत्पत्तीचा 27 वा अध्याय काढला. म्हाताऱ्या इसहाकाला दिसत नाही, धाकटा मुलगा याकोब थोरल्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद लाटायला त्याचे कपडे घालून, हाताला आणि मानेला करडांची कातडी लावून पुढं येतो आणि 'मी एसाव' म्हणतो. बापाला आवाजाची शंका येते! तो हात चाचपून बघतो, हात केसाळ लागतात आणि तो विश्वास ठेवतो. मावशींचं पण असंच झालं, भाषा खटकली पण फोटो ताईंचाच होता. पुढं एसाव येऊन मोठ्यानं रडतो, तरी दिलेला आशीर्वाद बापाला परत घेता येत नाही. म्हणजे लुटला गेला एसाव आणि फसला इसहाक, एकाच चोरीत दोघं. लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय पण त्या म्हाताऱ्याकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

'चोरी करू नको' आणि 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' या दहा आज्ञांमधल्या दोन आज्ञा लागोपाठ आहेत, आणि या एका फेक अकाउंटनं दोन्ही एकदम मोडल्यात. माफी आम्ही मानतोच, माझा मित्र इथं वेगळा पडतो, तो म्हणतो शिक्षा झाली की विषय संपला, मला मात्र वाटतं त्या पोराला (पोरगाच असेल असं उगाच वाटतंय) परत यायला दार उघडं पाहिजे. पण शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदारानं सुद्धा 'ज्याचं लबाडीनं घेतलं त्याला चौपट परत देतो' असं सगळ्यांसमोर उभं राहून म्हटलं होतं. आत्तीनं तिच्या नावापुरतं माफ करावं, मावशींच्या सहा हजारांची माफी तिच्या हातात नाही.

हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, 'चष्मा दे आणि तुझा तो फोन आण.' सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर मावशींची तक्रार वेगळी आणि आत्तीची वेगळी अशा दोन भरल्या, स्क्रीनशॉट जोडले. मंडळीतल्या वीसेक जणांनी रिपोर्ट केल्यावर अकाउंट गेलं, पैशांचं अजून काही कळलेलं नाही.

आता आत्ती पेन्शनमधून पैसे देणार म्हणून अडून बसलीय. वकील म्हणतो तिचं काही देणं लागत नाही, कायद्यानं ते बरोबरच आहे. रविवारी उपासनेनंतर तिनं पाकीट मावशींच्या पिशवीत टाकलं, मावशींनी ते काढून तिच्या बायबलमध्ये ठेवलं, आणि दोघी गेटपाशी हातात हात धरून उभ्या होत्या, मी गाडी काढून आलो तरी.