सुळे असलेला शाकाहारी

पोळ्याच्या पाटावर बैलांशेजारी ते सुळेवालं जनावर कसलं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पोळ्याला आमच्याकडे पाटावर मातीचे बैल मांडतात, त्यांच्या शेजारी मी दरवर्षी आणखी एक जनावर ठेवतो. डुकरासारखं बुटकं, तोंडाला कासवासारखी चोच, वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन सुळे. पोरं विचारतात, "हाई डायनासोर शे का?" मोठी माणसं विचारतात, "सुळे आहेत, मग शाकाहारी कसा?"

डायनासोर नव्हे. तो लिस्ट्रोसॉरस. कवटीत डोळ्यामागे दोन्ही बाजूंना एकेकच मोठं भोक असणाऱ्या घराण्यातला. बैल त्याच घराण्यातले, आणि आपणही. तो आपला पूर्वज नाही, भाऊबंद आहे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरची बहुतेक जीवसृष्टी संपली, त्यातून तो वाचला. त्याची हाडं दक्षिण आफ्रिकेत, अंटार्क्टिकात आणि आपल्याकडे दामोदर खोऱ्यात, राणीगंजच्या बाजूला मिळाली. खानदेशात शोधू नका. आपल्या काळ्या मातीखालचा दगड जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा.

आता सुळे. त्या दोन सुळ्यांखेरीज त्याला दातच नव्हते. चोचीने पाला तोडायचा आणि खालचा जबडा मागे ओढत कुटायचा. बैलबाजारात दोन दाती की चार दाती हे खालच्याच जबड्यात बघतात, कारण बैलाला वर पुढचे दात नसतातच. म्हणजे पाला खायला दातांची एकच ठरलेली ठेवण लागते असं नाही. आणि गवत? लिस्ट्रोसॉरसच्या काळी गवत उगवलंच नव्हतं. नेचे आणि तसल्याच बिनफुलांच्या वनस्पतींवर त्याला भागवावं लागे. डायनासोरांनी गवत खाल्ल्याचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला त्यांच्या अश्मीभूत शेणात सापडला, तो पुष्कळ नंतरचा.

लोक शाकाहाराला सोपं, गरीब खाणं समजतात. मला ते अजिबात पटत नाही. कडब्यातला चिवट भाग बैलाला स्वतःला पचवताच येत नाही. तो पचवतात पोटातले सूक्ष्मजीव, आणि त्यांना राहायला बैल शंभर लिटरहून मोठं पोट वागवतो. लिस्ट्रोसॉरसच्या भाऊबंदांच्या पिंपासारख्या बरगड्या पाहिल्या की तिथेही असंच काही आंबत असणार असं वाटतं. हे सूक्ष्मजीव मात्र बरेचसे मोठ्यांकडून मिळवावे लागतात. गाय वासराला चाटते तेव्हा ते जातात. पाला खाणाऱ्या इग्वाना सरड्यांची पिल्लं तर मोठ्यांची विष्ठा खातात.

हे मला पुस्तकाआधी आमच्या ढवळ्याने शिकवलं. एकदा रात्री दावं तुटलं आणि त्याने खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीत तोंड घातलं. सकाळी पोट तट्ट, डोळे खोल गेलेले, रवंथ बंद. इतका दाणा एकदम गेला की पोटात आंबट होतं आणि आतली बरीचशी वस्ती मरते. डॉक्टरांनी आधी औषधं दिली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या धडधाकट बैलाच्या पोटातलं पाणी नळीने काढलं आणि ढवळ्याला पाजलं. आई गोठ्याच्या दारात बसून होती. तिसऱ्या दिवशी उजाडताना त्याच्या गळ्याखालून एक गोळा वर सरकताना दिसला, आणि तो चघळू लागला.