बोल्टाच्या डोक्यावरचा ‘एफ’
देवगडला मामांच्या बागेत आंब्याच्या पेट्या वाहणारी जुनी जीप आहे. सगळे तिला विलीजच म्हणतात, म्हणजे विलीज या अमेरिकन कंपनीची. यंदा हंगाम संपल्यावर रॉकेलच्या फडक्याने तिचे बोल्ट पुसत होतो, तर एकाच्या डोक्यावर वळणदार ‘एफ’ उमटलेला दिसला. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावरही. हा फोर्डचा शिक्का!

मामा म्हणाले, “आमच्या बापाशीन विलीज म्हणानच घेतल्यान ही.”

दोघांचंही खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला हव्या तेवढ्या जीप एकट्या विलीजकडून मिळेनात, म्हणून १९४१ मध्ये त्याच आराखड्यावर फोर्डलाही काम दिलं. फोर्डने तिला जीपीडब्ल्यू नाव दिलं आणि पावणेतीन लाखांहून जास्त बांधल्या. आपले बहुतेक सुटे भाग ओळखू यावेत म्हणून त्यांवर ‘एफ’ ठोकला.

फोर्ड म्हटलं की लोक १९०८ची मॉडेल टी गाडी आणि १९१३ची हायलँड पार्क कारखान्यातली सरकती जुळणी (गाडी कामगारांपुढून सरकत जोडली जाणं) सांगतात. जोडायला बारा तासांहून जास्त लागणारी चासी (गाडीचा सांगाडा) दीड तासावर आली, हे थोर आहेच. मला मात्र जीपची पुढची जाळी जास्त आवडते. विलीज सुरुवातीला लोखंडी पट्ट्या वेल्ड करायची. फोर्डने ती एकाच पत्र्यातून दाबून काढली. हलकी, स्वस्त, नऊ फटींची. पुढे विलीजनेही तीच उचलली.

खाऱ्या वाऱ्याने मामांच्या जीपचा पत्रा पार खाल्लाय, बोल्ट मात्र शाबूत आहेत. तुमच्याकडे अशी जीप असेल तर रंग काढताना ग्राइंडर लावू नका, आधी बोल्ट बघा.