नागपूरचा उन्हाळा आणि माझे निऑन टेट्रा

आज दुपारी बाहेर ४४ अंश, आणि माशांच्या टाकीतला थर्मामीटर ३० वर! निऑन टेट्रा हे छोटे मासे मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. त्यांना २० ते २६ अंशांचं पाणी मानवतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून सगळा कळप फिल्टरच्या धारेपाशी गोळा झालेला. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, बाष्पीभवन झपाट्याने होतं (कूलरचंच तत्त्व). संध्याकाळी पाणी २७ वर आलं आणि सगळे व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीच्या पात्यांमधून एकदम वळायला लागले. काय आनंद झाला म्हणून सांगू!

कुणी दोनच निऑन पाळतं तेव्हा फार वाईट वाटतं. एकटादुकटा मासा भेदरून झाडाआड दडतो. निदान सहा तरी ठेवा, दहा असतील तर उत्तमच. आणि पंखा लावलात तर घटलेलं पाणी क्लोरीन काढूनच भरा.