‘हे तुला कसं जमलं?’

आमच्या मराठीच्या बाई निबंध तपासताना चुकांखाली रेघा मारायच्याच, पण एखाद्या चांगल्या वाक्यापाशी समासात छोटी चांदणीही काढायच्या. वही परत देताना विचारायच्या, “हे तुला कसं जमलं?” नुसतं ‘छान’ म्हणून सुटका नसे. कुठला शब्द खोडून हा घेतला, आधी काय नीट पाहिलं होतं, हे आठवून सांगावं लागे. कौतुकाने हुरूप येतो, पण आपलं नेमकं काय जमलं हे कळलं तरच ते पुन्हा जमवता येतं.

पुढे मी संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात पडलो. तिथे बोलावणं येतं ते बहुधा तक्रारींची यादी घेऊनच. या कामात मला बाईंच्या प्रश्नाची थोरली भावंडं भेटली. १९८० च्या सुमारास डेव्हिड कूपररायडर हे विद्यार्थी क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाचा अभ्यास करत होते. दोष शोधायला गेले आणि लोकांचं एकमेकांना धरून चाललेलं काम पाहून तिकडेच वळले. त्यांचे मार्गदर्शक सुरेश श्रीवास्तव यांनी त्यांना पाठबळ दिलं. जे चांगलं चाललं आहे ते कसं जमलं हे विचारून पुढची वाट शोधायची, ही पद्धत १९८७ मध्ये दोघांनी मिळून लेखातून मांडली. आज ती ‘ॲप्रिशिएटिव्ह इन्क्वायरी’ म्हणून ओळखली जाते.

मला मात्र सर्वांत जवळची वाटते ती व्हिएतनाममधली हकीकत. १९९० च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य मुलांसाठी काम करणाऱ्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेतर्फे तिथे गेलं. मुलांचं कुपोषण कमी करून दाखवायला सरकारने मुदत दिली सहा महिन्यांची. त्यांनी गावकऱ्यांनाच विचारलं : अगदी गरीब घरातलंही एखादं मूल धडधाकट आहे का? होती अशी मुलं. त्यांच्या आया भातखाचरांतले बारीक झिंगे आणि खेकडे, रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत. हे फुकट मिळे, पण लहान मुलांना चालत नाही असा समज होता. शिवाय त्या मुलांना दिवसातून जास्त वेळा थोडंथोडं भरवत आणि त्यांचे हात धुत. खरी हुशारी पुढे आहे. ही माहिती भाषणातून सांगत बसण्याऐवजी आयांना एकत्र स्वयंपाकाला बोलावलं आणि येताना प्रत्येकीने झिंगे आणि पाला स्वतः गोळा करून आणायचा, असं ठरलं. सवय हातातून लागली. उपाय गावातलाच, म्हणून पाहुणे निघून गेल्यावरही तो टिकला.

चांगलं तेवढंच बघायचं आणि उणिवांवर पांघरूण घालायचं, असा याचा अर्थ कुणी घेतला की मला वाईट वाटतं. हिशेबात गफलत असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल, तर ते आधी निस्तरायला हवं. बाईही शुद्धलेखनाची चूक कधी सोडत नसत.

आपल्या शाळेच्या महोत्सवानिमित्त तिच्या पुढच्या वाटचालीचा आराखडा होतो आहे, असं कळलं. त्याआधी एक करता येईल. प्रत्येक शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात एक तास बसावं, मुलं मनापासून रमली असा एक क्षण टिपावा आणि तास संपल्यावर त्या शिक्षकाला विचारावं, हे कसं जमलं? मुलांनीही एकमेकांना विचारावं. उत्तरं लिहून घ्यायला आणि त्यांवर शिक्षकांबरोबर बसायला मी आनंदाने येईन.