हळद काल, संगीत उद्या, आज आम्ही दोघंच

मावसबहिणीच्या लेकीचं लग्न बँकॉकला, म्हणून आलोय. काल हळद झाली, संगीत उद्या, म्हणजे आज दिवसभर आम्हाला कोणी विचारणारं नाही!! बाकी सगळी गँग मॉलमध्ये पळाली आणि आम्ही दोघं चाओ फ्राया नदीच्या बोटीत, धक्क्यावरची धावपळ अगदी आपल्यासारखीच, बोट लागली न लागली की चढा पटकन.

आधी वाट फो (वाट म्हणजे इथलं बुद्धाचं देऊळ). तिथला पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे, फोटोत मावतच नाही, नवरा मागे मागे सरकत शेवटी खांबालाच धडकला. मूर्तीच्या मागे 108 वाट्या मांडल्यात, प्रत्येकीत एक नाणं टाकत जायचं, नुसता टण टण आवाज. ह्याची नाणी मधेच संपली, मग माझ्याकडे उधारी. (खांदे झाकलेले लागतात बरं का, हळदीची ओढणी कामाला आली.) तिथून फेरीबोटीने नदीपलीकडे वाट अरुण, त्या उभ्या पायऱ्या उतरताना गुडघ्यांनी वय सांगितलं.

पण खरी मजा संध्याकाळी, पाक ख्लोंग तलातचा फुलबाजार! झेंडूचे ढीग बघून थेट दादरच आठवलं. मोगऱ्याचा हार घेतला, तो इथे देवाला वाहतात, मी तुकडा तोडून केसात माळला तर फुलवाल्या मावशी हसत सुटल्या आणि वर एक पिन पण दिली.

आता हॉटेलच्या पायरीवर बसून आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात खातोय, नवरा म्हणतो नारळीभातच की गं हा. उद्याच्या डान्सची प्रॅक्टिस अजून झालेली नाहीये 😅